मृत्यूचं कारण : हेळसांड

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. सकाळी जाग येते तेव्हा शरीर म्हणतं उशीर झाला, आणि घड्याळ म्हणतं अजून वेळ आहे. त्या दिवसापासून संध्याकाळ अशी उरतच नाही. दुपारचा चहा झाला की दिवे लावायचे. डब्लिनजवळच्या डून लेरीत आमच्या रस्त्यावर ओल्या पानांचा थर बसतो, समुद्रावरून येणारा वारा खारट आणि जड होतो, आणि चर्चच्या फलकावर दरवर्षीचा कागद लागतो : नोव्हेंबर हा मृतांचा महिना, आपल्या माणसांची नावं यादीसाठी द्यावीत.

मी नागपूरची. त्या यादीत देण्यासारखं माझं कुणी नाही. तरी तो कागद दिसला की मला तीन वर्षांपूर्वीचा शरद आठवतो आणि माझी चाल आपोआप वाढते. फलकापाशी कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटतं. कुणी ओळखीचं म्हणजे नोरीन.

त्या वर्षी आम्हाला इथे येऊन जेमतेम सात महिने झाले होते. नवऱ्याची नोकरी डब्लिनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि मी त्याच्यामागून आलेली. नागपूरला मी दहा वर्षं सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलं होतं. विहिरींचं, टाक्यांचं, हातपंपांचं. काचेच्या नळ्यांत पाणी घालून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी आतल्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा धरलाय का ते बघायचं. बुडबुडा आला की कागदावर शिक्का : पिण्यास अयोग्य. इथे माझी कागदपत्रं मान्य व्हायची होती. तोवर सकाळ होती, भांडी होती आणि खिडकी होती.

नोरीन मला वाचनालयात भेटली. नव्याने आलेल्यांसाठी गुरुवारी चहा असायचा, तो ती चालवायची. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका, अंगात हिरवा रेनकोट, चाल माझ्याहून जलद. तिने मला ब्राऊन ब्रेड शिकवला. गोल चौकात गाडी कशी घुसवायची ते शिकवलं. डोंगराकडून ढग आले तर कपडे आत घे, समुद्राकडून आले तर अर्धा तास थांब, हेही तिनेच सांगितलं. बोलायचो इंग्रजीतच, पण मनातल्या मनात मी तिला अगं-तुगं करत असे. या देशात जिला अगं म्हणावंसं वाटलं अशी ती पहिली आणि अजून तरी शेवटची.

सप्टेंबरात ती म्हणाली, "मी शहरातल्या ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या वस्तीत, जन्मले, तिथे एक जुनी वही आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. कोण कधी गेलं, कशाने गेलं. शाई उडत चाललीय. आमच्या इतिहास मंडळाला त्याची पुस्तिका करायचीय. तुझ्याकडे वेळ आहे आणि तुला रोगांतलं कळतं. येशील?"

मला रोगांतलं कळतं, हे कुणाला तरी आठवलं होतं. मी लगेच हो म्हटलं.

मग दर मंगळवारी आम्ही डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, शहरात जायला लागलो. उजव्या बाजूच्या खिडकीतून समुद्र सोबत यायचा. ओहोटी असली की मैलभर ओली वाळू उघडी पडायची आणि त्यावर कुणीतरी कुत्रा घेऊन एवढंसं चालत असायचं. नोरीन थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला द्यायची आणि स्वतः बाटलीतूनच प्यायची. कधीकधी आईही यायची. आई तीन महिन्यांसाठी नागपूरहून आली होती, आणि घरी एकटीने बसण्यापेक्षा कुठेही बसणं तिला बरं वाटे.

तो हॉल चर्चच्या मागे होता. दार उघडलं की ओलसर पुस्तकांचा आणि फरशीच्या पॉलिशचा वास यायचा. दार उघडायचे ते ख्रिस्टी. पॅरिशमध्येच जन्मलेले, ऐंशीच्या आसपासचे, बंदरावर काम करून निवृत्त झालेले. आम्ही यायच्या दोन तास आधी येऊन ते हीटर लावून ठेवायचे. कसे आहात विचारलं की "ग्रँड", म्हणजे उत्तम. पाऊस आहे म्हटलं तरी "ग्रँड". आईला ते हाताने खुणा करून हीटरजवळची खुर्ची द्यायचे. आई त्यांच्याशी सरळ वऱ्हाडीत बोलायची आणि ते सरळ डब्लिनच्या इंग्रजीत उत्तर द्यायचे. दोघांचं कधी अडलं नाही.

पण ख्रिस्टी आमच्या टेबलाजवळ येत नसत. चहाचे कप ते दूरच्या बाकावर ठेवायचे. दुसऱ्या मंगळवारी नोरीन फोनवर बोलायला बाहेर गेली तेव्हा ते मला म्हणाले, "त्या वहीत आमची एक आहे. ब्रिजेट. माझ्या पणजीची आई. ती आली की मोठ्याने वाचू नकोस."

"का?"

"दारू प्यायची. पोरांकडे बघितलं नाही. चार मेली. एक वाचली, ती माझी पणजी. ब्रिजेटला तुरुंगात टाकलं." त्यांनी टेबलावरचे नसलेले चुरे झाडले. "इथे सगळ्यांना माहीत आहे. मी शाळेत होतो तेव्हाही माहीत होतं."

वहीत चार रकाने होते. नाव, वय, गल्ली, कारण. वयाच्या रकान्यात दोन आकडी संख्या शोधावी लागे. कारणांच्या रकान्यात त्या काळचे शब्द : क्षीणता, अशक्तपणा, आकडी, दात येणे. दात येणे हे मृत्यूचं कारण असू शकतं हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन खाली ठेवलं. मग सवय झाली. माणसाला वाचायची सवय किती लवकर होते.

एका गल्लीवर मात्र माझी नजर अडली. एकाच शरदात तिथून माणसं गेली होती ती जवळजवळ रोज. एकाला क्षीणता, एकाला आकडी, एकाला अशक्तपणा. पण सगळी घरं गल्लीच्या एकाच टोकाची. रोगाचं नाव बदलत होतं, घरं बदलत नव्हती. दहा वर्षं पाणी तपासलेल्या बाईला हे दिसायला फार अक्कल लागत नाही. तिथे पाणी कुठून येत होतं, एवढाच प्रश्न होता.

त्याच टोकाला ब्रिजेट सापडली. म्हणजे तिची मुलं सापडली. मेरी, पॅट्रिक, जोहॅना, टिमथी. तीन आठवडेसुद्धा पुरते नाहीत, तेवढ्यात चौघं. आणि चौघांच्याही पुढे, वहीत इतरत्र कुठेही नसलेला शब्द : हेळसांड.

पुढच्या मंगळवारी मी प्रेस आवरत होते. प्रेस म्हणजे इथल्या भाषेत कपाट. खालच्या फळीवर भजनांच्या पुस्तकांखाली एक बारकी वही निघाली. चर्चच्या मदत-समितीने एका बाईला नेमलं होतं. तिने घरोघर जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करायची आणि लिहून ठेवायचं. त्या बाईचं नाव कुठेच नव्हतं. अक्षर घाईचं, पण शब्द सरळ. या घरात ताप. त्या घरात ताप. ती तापच लिहीत होती. कोपऱ्यावरच्या पंपाच्या पाण्याला वास येतो, मालकाला सांगितलं, तो म्हणतो पहिल्यापासून येतो. पुन्हा सांगितलं. पंप बंद करा म्हटलं. मालक समितीवरच होता. त्याचं आडनाव तिने प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलं होतं.

मग ब्रिजेटचं घर. तिसरं मूल गेलं त्या दिवसाची नोंद मी इतक्या वेळा वाचली आहे की ती मला मराठीत पाठ आहे : आई खाटेशी बसून आहे. हातात पेला. चार रात्री झोपलेली नाही. मी सांगितल्याप्रमाणे मुलं मागतील तेव्हा पाणी पाजते.

त्या बाईच्या पानांवर दारूचा एक शब्द नव्हता.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर एवढंच होतं : यापुढे ताप हा शब्द लिहू नये असं समितीने सांगितलं आहे. नंतरची पानं कोरी.

मी ती वही नोरीनच्या हातात दिली. तिने चष्मा लावून वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. पानं पुन्हा मागे उलटली. मला वाटलं, तिच्या डोळ्यांसमोर तेच येतंय जे माझ्या. "ही इथे ओलीत राहायला नको," ती म्हणाली. "मी घरी नेऊन नीट ठेवते." मी म्हटलं, नेण्याआधी मला उतरवून घेऊ दे. तिने वही टेबलावर परत ठेवली आणि म्हणाली, "घे की." त्या दुपारी मी सगळी वही माझ्या वहीत उतरवली. नावांचे इथले उच्चार लिहिल्याप्रमाणे नसतात, म्हणून नोरीनला विचारून विचारून नावं देवनागरीत लिहिली. मालकाचं आडनावही तिनेच मला उच्चारून दाखवलं. आवाज जराही हलला नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. इथल्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, तरी. मग म्हणाली, "लेकरं तिचीच मेली, अन् आळ बी तिच्यावरच घेतला. काऊन त, ते गरीब होती." त्याच आठवड्यात सर्वपित्री होती. इथले कावळे अर्धे राखाडी असतात. आईला त्यांचं मोठं कौतुक, परदेशात आपली सोय झाली म्हणून. तिने बाल्कनीत आमच्या घरचा घास ठेवला आणि बाजूला, वेगळ्या ताटलीत, भाताचे चार छोटे घास ठेवले. कुणाचे, ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पुस्तिका निघाली. हॉलमध्ये सँडविचेस, फळांचा केक, पन्नासेक माणसं. नोरीन छान बोलली. मुखपृष्ठाच्या आतच आभार होते, त्यात सर्वांत वर माझं नाव, ज्यांच्याशिवाय हे काम झालं नसतं त्यांत. मी मान खाली घालून पानं उलटली. गल्ली सापडली. माणसं तीच होती, क्रम तोच होता. क्षीणता, आकडी, अशक्तपणा, मी वाचलं तसं. ताप नव्हता. पंप नव्हता. बारक्या वहीचा उल्लेख नव्हता. आणि मेरी, पॅट्रिक, जोहॅना, टिमथी यांच्यापुढे, स्वच्छ नव्या टायपात, हेळसांड.

ख्रिस्टी खुर्च्या रचत होते. त्यांनी पुस्तिका घेतली नव्हती. मी त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, ते मालकाचं आडनाव घेऊन, की ही माणसं कोण.

"नोरीनच्या माहेरची," ते म्हणाले. "तिचे पणजोबा. अख्खी गल्ली त्यांचीच होती. का गं?"

"काही नाही. वहीत नाव आलं होतं."

परत जाताना आई दमली होती. ती फलाटावरच्या बाकावर बसली. नोरीन आणि मी थोडं पुढे उभ्या होतो. गाडीला आठ मिनिटं होती. मी विचारलं, "ती वही कुठे आहे?"

"कुठली?"

"नोरीन."

तिने हिरव्या रेनकोटची बटणं लावली. "घरी होती. आता सापडत नाही."

"तुला सुरुवातीपासून माहीत होतं."

"वही आहे हे माहीत नव्हतं. बाकीचं आमच्या घरात सगळ्यांनाच थोडंथोडं माहीत होतं. जेवताना कुणी बोलायचं नाही, इतकंच." मग ती म्हणाली, "हे बघ, ते पाणी प्यालेली माणसं गेली. मी अजून या लोकांत राहते."

"ख्रिस्टी आहेत ना."

"ख्रिस्टीला त्याची सवय झालीय."

तिने हे कडवटपणाने म्हटलं नाही. हवामान सांगावं तसं म्हटलं. मला त्या क्षणी आणखी एक गोष्ट कळली आणि ती मी मोठ्याने बोलले. "मला रोगांतलं कळतं म्हणून तू मला बोलावलं नव्हतंस."

ती गाडी येणार त्या दिशेला बघत होती. "तुला इथली आडनावं माहीत नव्हती," ती म्हणाली. "इथल्या कुणाला बसवलं असतं तर पहिल्याच दिवशी त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं असतं."

"मग ती जुनी वही वाचायला तरी कशाला घ्यायची?"

"कुणीतरी एकदा वाचावं असं वाटत होतं."

"आणि गप्प बसावं."

ती फलाटाच्या कडेशी सरकली. गाडी आली. आम्ही तिघी एकाच डब्यात बसलो, कारण येतानाही तसंच बसलो होतो आणि आईला काही समजलं नव्हतं. नोरीनने आईला थर्मासमधला चहा दिला. आईने घेतला.

घरी येऊन मी आधी स्वयंपाकघराचा ओटा घासला. राग आला की मी घासते. पण त्या रागात एक जुनी गोष्टही होती, आणि ती इथे लिहिली नाही तर मीही नोरीनसारखीच होईन. नागपूरला असताना एका गावच्या जत्रेआधी विहिरीचं पाणी आलं होतं. सगळ्या नळ्यांत बुडबुडे. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, जत्रा होऊ दे म्हणाले. मी आठ दिवस रोज त्या ड्रॉवरकडे बघत काम केलं. कुणी मेलं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. गप्प बसणारी म्हणून मला निवडताना नोरीनने फक्त माझं परकेपण बघितलं होतं, की आणखीही काही ओळखलं होतं, हा प्रश्न मला अजून पडतो.

रविवारी मी आईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्या बुढ्याले सांगतेस का नाई?" मी म्हटलं, मूळ वहीच नाही, माझ्या हाताने लिहिलेलं कोण मानणार. आई म्हणाली, "मानाले नाई सांगाचं. त्याची हाय ते, म्हणून सांगाचं."

मंगळवारी मी एकटीच शहरात गेले. हॉलमध्ये त्या दिवशी काही नव्हतं, तरी ख्रिस्टी होते. दिव्यांची माळ घेऊन त्यातला कुठला बल्ब गेलाय ते शोधत होते. मी माझी वही उघडली. त्यांना म्हटलं, मला ब्रिजेटबद्दल मोठ्याने वाचायचंय.

त्यांनी माळ टेबलावर ठेवली. वहीत वाकून पाहिलं, देवनागरी नावं दिसली, आणि ते म्हणाले, "हे तुमच्या लिपीत आहे? तू लिहिलंस?"

"हो. मूळ वही हरवली असं नोरीन म्हणते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना नोरीनच्या माहेरचं आडनाव, मी शनिवारी विचारलेला प्रश्न आणि ही वही एकत्र जोडायला फार वेळ लागला नाही. "वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. ताप, पंप, वास, मालक. खाटेशी बसलेली आई, हातातला पेला. ते वाचताना मी अडखळले, कारण त्या पेल्यात काय होतं हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ते आत्ता कळणार होतं. वाचून झालं. त्यांनी माळेतला एक बल्ब पिळून घट्ट केला. मग म्हणाले, "म्हणजे ती पाजत होती."

"तिला पाजायला सांगितलं होतं."

"तेच पाणी."

"हो."

ख्रिस्टी खिडकीकडे गेले. तिथे पाठ करून उभे राहिले. "माझी आई आम्हाला पाच मिनिटं एकटं सोडून दुकानात गेली नाही कधी," ते म्हणाले. "सहाच्या सहा पोरं सोबत. पावसात, थंडीत. शेजारच्या बाया हसायच्या. उंबरठा रोज घासायची, गुडघे फुटेपर्यंत. आजी पण. मला वाटायचं, आमच्या घरातल्या बायकांचा स्वभावच तसा." थोड्या वेळाने, तसंच पाठमोरं : "नोरीन मला दर ख्रिसमसला केक आणून देते. तिसेक वर्षं झाली. मला वाटायचं, मी हॉल उघडतो म्हणून."

मी इतिहास मंडळाला पत्र लिहिलं. मूळ कागद नसल्याने काही करता येत नाही असं सभ्य उत्तर आलं. नोरीनने गुरुवारचा चहा सोडला नाही. मी सोडला. पुढे माझी कागदपत्रं मान्य झाली आणि मी पुन्हा पाणी तपासायला लागले. या देशात मी पहिला अयोग्यचा अहवाल लिहिला तेव्हा तो स्वतः जाऊन साहेबांच्या हातात दिला, आणि त्यांनी वाचेपर्यंत समोर उभी राहिले. त्यांना मी विचित्र वाटले असेन.

नोरीन मला कधीतरी धक्क्यावर दिसते. हात वर करते. मीही करते. लोक म्हणतात, काळ गेला की बोच कमी होते. माझी झाली नाही. तिने मला फसवलं यापेक्षा, तिने शिकवलेला ब्रेड मी अजून दर शनिवारी भाजते आणि तो अजून चांगला होतो, याचा मला जास्त त्रास होतो.

त्या वर्षीचा ख्रिसमस झाल्यावर मी ख्रिस्टींना भेटायला गेले होते. आई तोवर नागपूरला परतली होती. तिने त्यांच्यासाठी विणलेला मफलर द्यायचा होता. त्यांनी तो तिथेच गळ्यात घातला आणि चहा ठेवला. मी न राहवून विचारलं, नोरीन आली होती का.

"आली होती की. दारात उभी होती, केक घेऊन."

"घेतलात?"

"म्हटलं, घेतो. पण आधी ब्रिजेटचं नाव घे. फक्त नाव, बाकी काही नको." त्यांनी माझ्या कपात दूध ओतलं. "पाऊस होता. बरीच उभी राहिली बिचारी. पण तिला काही ते घेता आलं नाही."